परांचीची गाठ

सियालदहजवळच्या बांधकामावर रात्रभर पौषातला अवकाळी पाऊस पडला होता. सकाळी गारठ्यात इंजिनिअर आगाश्यांनी बांबूच्या परांचीची एक गाठ चाचपली. “घट्ट आहे. चढवा माणसं.” म्हातारा निताई मिस्त्री जागचा हलला नाही. “साहेब, दोरी भिजली की आवळते, वाळली की सैल पडते. आधी सगळ्या गाठी नव्यानं बांधू.” “आजचा दिवस जाईल त्यात! थंडी वाजतेय, असं सरळ सांगा!” रागारागानं आगाशे स्वतःच वर चढले. तिसऱ्या मजल्यावर भिंतीची मापं घेता घेता बोटं बधिर झाली. मग ढग पांगले. दुपारभर उन्हानं पाठ शेकली, बरं वाटलं. उतरायला म्हणून त्यांनी गाठ धरली, तर तिच्यात अख्खा अंगठा शिरला. पायाखालचा बांबू फिरला. “निताई!” “हलू नका, साहेब,” खालून निताई म्हणाला, आणि त्यानं सगळ्यात खालची गाठ बांधायला घेतली.