कावळा शिवेना

वर्षश्राद्धाची खीर खाऊन एकतीस जण इस्पितळात होते. जंतूंच्या वाढीचं गणित मांडणाऱ्या तनुजाचा आलेख मात्र जुळेना. खीर पाच तास तशीच पडून होती असं धरलं, तेव्हा कुठे आकडा बरोब्बर एकतीसवर आला.

"पाच तास जेवला नाहीत?" तिने घरातल्या आजींना विचारलं.

"कसे जेवणार? ह्यांच्या पानाला कावळा शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा शिववला."

तनुजाने थांबण्याचे तास शून्य केले. रुग्णही शून्य झाले.

"आजोबांची काही इच्छा राहिली होती का?" तिने विचारलं.

"एकच घोकायचे, तिकडे एकट्याला करमायचं नाही." आजींनी पदर तोंडाला लावला. "आज सकाळी इस्पितळातच धाकटे भाऊजी वारले, आणि गच्चीतल्या त्या पानाला कावळा शिवला."