निर्भेळ दूध

दुष्काळात गावची दूध सोसायटी बंद पडली, तरी तिथं तीस वर्षं दूध तपासणाऱ्या सुंदररावांची टेबल-खुर्ची रोज सकाळी घरच्या ओसरीत मांडली जायची. त्यांची आठवण गेली, पाठोपाठ बोलणंही आटलं, तेव्हा बीडच्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं, "जुनं काम हाताला द्या. चुका काढू नका. बोलणं आलं तर त्यातनंच येईल."

म्हणून सून अयोध्या लेकराला कडेवर घेऊन रोज किटली पुढं करायची. आत लेकराच्या वाटणीतलं कपभर दूध आणि वरून टँकरचं पाणी. सासरे काचेची नळी बुडवून बघायचे आणि कुणा परक्या बाईला फटकारावं तसं म्हणायचे, "बाई, आख्खा आड वतलाय की ह्यात! न्या माघारी." मग दिवसभर गप्प.

सहा महिने हेच चाललं होतं. कधीतरी आपलं नाव घेतील, या आशेवर ती उभी राहायची. आता पायही दुखायचे आणि आशाही.

त्या सकाळी घरात पाण्याचा थेंब नव्हता. उद्यापासून हा खेळ बंद, असं ठरवूनच तिनं लेकराचं सगळं दूध तसंच किटलीत ओतलं आणि टेबलावर ठेवलं.

सुंदररावांनी नळी बुडवली. धोतराच्या सोग्याला पुसून पुन्हा बुडवली. मग मान वर करून तिच्याकडं बघत राहिले.

"अयोध्या," ते हळूच म्हणाले, "आज टँकर आला न्हाई व्हय गं?"