तपासणीआधीचा रंग

बालक ही राष्ट्राची अमूल्य संपत्ती आहे, असं बालकल्याण खात्याच्या शर्मिष्ठाबाईंच्या फायलीवर ठळक अक्षरांत छापलेलं होतं. त्या संपत्तीतला सात वर्षांचा एक नग, नाव क्लॉडिया, राष्ट्राने दोन वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याच्या कॉस्मे आणि सेवरीना या जोडप्याकडे सांभाळायला दिला होता. मुदत सोमवारी संपत होती. ती वाढवावी की मुलीला तिसरं घर शोधावं, हे बाईंनी आज घर बघून लिहायचं होतं. सकाळी खारेपाटणपासून सुरुवात केलेली; हे चौथं घर, आणि पाठ आता कुठल्याच खुर्चीचं ऐकत नव्हती.

आत शिरताच रंगाचा वास आला. भिंती पांढऱ्याफटक. कोपऱ्यात मुलीचा स्वतंत्र पलंग, गादीवरचं प्लास्टिक तसंच. क्लॉडिया चर्चमध्ये मिसाला जायचा फ्रॉक घालून, गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. पायाशी दप्तर.

“घर कसा वाटता, मॅडम?” सेवरीनाने विचारलं.

“छान.” बाईंनी पलंगाच्या रकान्यात ‘आहे’ लिहिलं. पुढचा रकाना: बालक कुटुंबात रुळल्याच्या खुणा. त्यांनी चहूकडे पाहिलं. एक छोटी चप्पल नाही, पेन्सिलीचं टोक नाही. लॉजची खोलीसुद्धा याहून नांदती असते.

“ही इथेच राहते ना?”

“हंयच रवता म्हणजे!” कॉस्मे दुखावला. “ही अख्खी भिंत कोळशान मासे काढून भरललीन. पापलेटाक मिशी! तुम्ही येतलास म्हणान ऐतवारी पांढरो रंग मारलंय.”

“आणि खेळणी?”

“पोत्यात भरून शेजारच्या बाबलीकडे ठेवलंय,” सेवरीना म्हणाली. “घर साफ दिसाक व्हया मां!”

बाईंनी पेन दप्तराकडे रोखलं. “शाळेला तर मे महिन्याची सुट्टी.”

दप्तराचं कोणालाच ठाऊक नव्हतं. सेवरीनाने चेन उघडली. आत दोन फ्रॉक, टूथब्रश आणि कोळशाचा एक तुकडा.

“आंटी,” क्लॉडिया सेवरीनाला म्हणाली, “माका आता खंय पाठयतास?”

मागच्या अहवालात बाईंनी स्वतःच लिहिलं होतं: सेवरीनाला ‘माय’ म्हणते.

“खंयच नाय गो! कोणी सांगल्यान तुका?”

“कोणी नाय. आदल्या घरातय माझी खेळणी पोत्यात भरल्यानी. मगे मॅडम इली.”

सेवरीनाने दप्तरातले फ्रॉक बाहेर काढून मांडीवर घेतले. कॉस्मे चप्पलही न घालता बाबलीकडे पोतं आणायला पळाला. क्लॉडिया मात्र खुर्चीवरून हलली नाही. मॅडम अजून गेली नव्हती.

बाईंनी रकान्यात लिहिलं: खुणा आहेत. खाली बारीक अक्षरांत सूचना होती, पुराव्यादाखल फोटो जोडावा. त्यांनी मोबाइल काढला आणि मासे झाकलेल्या पांढऱ्या भिंतीचा फोटो घेतला.

मुदतवाढ एका वर्षाची मिळते. पुढची तपासणी पुढच्या मे महिन्यात. पडवीत अर्धा डबा रंग शिल्लक होता.