वैशाखातलं बीज

नाचणगावच्या आनंदाबाईला सून पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती. त्रेपन्न सालच्या माघात धुरपताला मुलगा झाला, तेव्हा सासूने बोटांवर मागचे महिने मोजले. गर्भ वैशाखातला निघाला. तिने लगेच गावचा वैद्य गाठला.

"उन्हाळ्यात पुरुषाचं वीर्य पार आटते," वैद्य म्हणाला. "थंडीत त्याले जोर येते. भर वैशाखात बीज धरणं कठीणच."

आनंदाबाईला तेवढंच हवं होतं. बारशाला जमलेल्या सगळ्यांसमोर ती कडाडली, "हे पोर वैशाखातलं हाय! वैद्यबुवाले इचारा. माह्या हरिदासचं नाईच होय हे. ऊठ वं, उचल तुहं गाठोडं!"

धुरपता बाळाला छातीशी धरून नवऱ्याकडे पाहत राहिली. हरिदासने मान खाली घातली.

"माय म्हणते तर काई तरी असंनच," तो पुटपुटला.

आनंदाबाईने सुनेचं लुगड्यांचं गाठोडं स्वतःच्या हाताने दाराबाहेर भिरकावलं. कित्येक महिन्यांनी तिला हलकं वाटलं.

तेवढ्यात तिचा नवरा भैयाजी खाटेवरून उठला. बायकोच्या बोलण्यात तो जन्मात कधी मध्ये पडला नव्हता. तो सावकाश तिच्यासमोर येऊन उभा राहिला.



"हरिदास बी माघातच झालता," तो तिच्या डोळ्यांत पाहत म्हणाला. "थो कोनाचा?"