चार बोटं

"माझीच गोळी लागली, सायेब," असं भागोजीने तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा फौजदारांनी नुसती मान हलवली. ते कंटाळले होते. तिथे सगळेच कंटाळले होते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अनुपमा मॅडम कशेडीत ट्रक आडवा झाल्यामुळे सकाळभर घाटात अडकून दुपारी कशाबशा कापड्याला पोचल्या होत्या. आता त्या शेताच्या बांधावर ताडपत्री पसरून दोन बंदुकांपुढे बसल्या होत्या. एक भागोजीची, दुसरी त्याच्या मुलाची, हर्षदची. दोन्ही ठासणीच्या, पीक राखायला परवान्यावर मिळालेल्या.

परवा संध्याकाळी पिकल्या भातात डुक्कर शिरलं म्हणून बापलेक याच बांधावर दबा धरून बसले होते. समोरच्या बांबूच्या बेटात खसखसलं. दोघांनी एकदमच चाप ओढला. धूर निवळल्यावर बघतात तर डुक्कर कुठलं, भागोजीचा चुलतभाऊ येसाजी पडलेला. चुकलेलं वासरू शोधायला आला होता बिचारा. गोळी एकच लागली होती, पण ती पुरली.

हर्षद महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता. पदरात लहान मूल. त्या दिवशी तो पडवीत भिंतीला टेकून बसला आणि "काकाला मी मारला" एवढंच म्हणत राहिला. पाण्याचा तांब्या पुढे केला तरी त्याला दिसेना. भागोजीला ते बघवलं नाही.

"तुझा बार वर गेला रे," तो म्हणाला. "बांबूची पानं पडली वरची, मी बघितली ना. लागली ती माझी."

हर्षदने बराच वेळ बापाच्या तोंडाकडे बघितलं आणि मग तांब्या तोंडाला लावला. भागोजीने पानंबिनं काही बघितलं नव्हतं. गोळी कुणाची लागली हे देवालाच ठाऊक. पण साठी उलटलेल्याने तुरुंगात जायचं की तिशीतल्याने, याला काय पंचांग लागतं? त्याने तेव्हाच ठरवून टाकलं. एरवी बार काढला की त्याचा उजवा खांदा दोन दिवस ठणकायचा. या वेळी खांद्याकडे बघायला सवड कुणाला होती?

त्याला धास्ती होती ती या मॅडमची. गोळी बघून बंदूक सांगतात, असं त्याने ऐकलं होतं. म्हणून मॅडम एका तरण्या शिपायाला समजावत होत्या, तेव्हा तो जीव कानात आणून ऐकत राहिला. या बंदुका जुन्या चालीच्या, त्या सांगत होत्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी टाकायची, वर काथ्या ठासायचा. मागून उघडणाऱ्या, काडतुसाच्या बंदुका फार नंतर आल्या. नळीच्या आत पीळदार चर पाडलेले असले की गोळी गरगरत सरळ जाते, आणि जाता जाता त्या चरांचे ओरखडे तिच्यावर उमटतात. त्यावरून बंदूक ओळखायची. इथे चरच नाहीत. नळी आतून पाण्याच्या पाइपासारखी गुळगुळीत. गोळीवर काय उमटणार? शिवाय बापलेकांच्या गोळ्या एकाच साच्यातल्या, एकाच शिशाच्या. दुसरी गोळी शिपायांनी दुपारभर शोधली. रानात शिशाचा एक मणी कुठे सापडायला?

"म्हणजे कुणाची ते कधीच कळणार नाही?" फौजदारांनी विचारलं.

"गोळीवरून तरी नाही," मॅडम म्हणाल्या.

भागोजीचा जीव भांड्यात पडला. आता आपला शब्द हाच पुरावा. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याला झोप आल्यासारखं वाटलं.

उरलं ते मोजमाप. मॅडमनी हर्षदच्या बंदुकीत दारू ठासायचा गज घातला. तो तळाला टेकला. अंगठ्याने खूण धरून त्यांनी गज बाहेर काढला आणि नळीला बाहेरून लावून बघितला. मापाला माप बरोबर. मग त्यांनी भागोजीची बंदूक घेतली. गज आत गेला आणि थांबला. त्यांनी दाबून बघितला. काढला, बाहेरून लावला. चार बोटं कमी.

हा गज भागोजीच्या घरातला रिवाज होता. बंदूक उंबऱ्याच्या आत न्यायची तर आधी पायरीवर थांबून गज घालून बघायचा, नळी भरलेली नाही ना. हर्षदला मिसरूड फुटायच्या आधीच त्याने ते शिकवलं होतं. परवा मात्र दोन्ही बंदुका शेतातच पडून राहिल्या आणि तिथूनच पोलिसांच्या ताब्यात गेल्या. गज कुणी घातलाच नाही.

मॅडमनी सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. झाडलेली आहे असं समजून तीच बंदूक जीपमधून मांडीवर घेऊन आलेला हवालदार सगळ्यांत मागे जाऊन उभा राहिला.

"काका, तुमच्या बंदुकीत गोळी अजून तशीच आहे," मॅडम म्हणाल्या. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला होता. "ठिणगी पाडणारी टोपी फुटली, पण आतली दारू पेटलीच नाही. दमट असेल. तुमच्या हातून काही झालेलं नाही."

फौजदारांनी भागोजीच्या पाठीवर हात ठेवला. पलीकडे उभा असलेला हर्षद मान वर करून बांबूच्या शेंड्यांकडे बघत होता. बराच वेळ बघितलं त्याने. मग बापाकडे बघितलं.

भागोजीने लेकाकडे बघितलं नाही. त्याने मॅडमपुढे हात जोडले.

"परत एकदा घालून बघा, मॅडम," तो म्हणाला. "जाईल आत. जायाला पायजे."