अमावास्येची सुट्टी

सव्वानऊला शेअर बाजार उघडला आणि निकिताच्या प्रोग्रॅमनं काहीच केलं नाही.

कॉलेजच्या लॅबमध्ये बाकीच्यांच्या पडद्यांवर खरेदी-विक्रीची झुंबड उडाली होती. स्पर्धेतले पैसे खोटे, पण भाव खरे. आणि नियम असा की प्रोग्रॅम एकदा सुरू झाला की बाजार बंद होईपर्यंत कुणी कीबोर्डला हात लावायचा नाही. निकिताचा जोडीदार संघर्ष म्हणाला, आपला गडी संधीची वाट बघतोय. दुपारपर्यंत तो हेच म्हणत राहिला. दोघं जेवायलाही उठली नाहीत. गडी ढिम्म.

निकिताला बक्षिसाचं फारसं पडलेलं नव्हतं. तिचे वडील, अप्पा, विंचूरच्या बाजारात कांद्याचे व्यापारी. शिक्षण संपलं की त्यांच्याच धंद्यात उतरायचं, पण आकडेमोडीच्या जोरावर, असं तिनं ठरवलं होतं. अप्पांना ते पटत नव्हतं. माल हातात घेऊन बघावा आणि दिवस पंचांगात, असा त्यांचा खाक्या. पूर्वी अमावास्येला लिलाव बंद असत; ते सुरू होऊन जमाना झाला, तरी अप्पा त्या दिवशी बोली लावत नसत. निकिता त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करायची, त्यामुळे घरात दर महिन्याला एक भांडण ठरलेलं. शेवटी अप्पा म्हणाले होते, तुझं यंत्र आधी स्पर्धा जिंकू दे, मग बोलू.

साडेतीनला बाजार बंद झाला. तेजीचा दिवस होता, प्रत्येकानं काही ना काही कमावलं होतं. निकिता आणि संघर्षचा नंबर शेवटचा.

आता हात लावायला हरकत नव्हती. संघर्षनं प्रोग्रॅम उघडला आणि वरून खाली वाचत आला. सुट्टीच्या दिवशी प्रोग्रॅमनं स्वस्थ बसायचं, असं त्यात लिहिलेलं होतं. तिथं तो थांबला.

"या सुट्ट्या तू भरल्यास ना?"

"हो. का?"

"यात दर महिन्याची अमावास्या आहे. आणि आज अमावास्या आहे."

निकिताला आठवलं. घाईघाईत भिंतीवरच्या कॅलेंडरवरून तिनं सुट्ट्या भरल्या होत्या. गणपती भरले, दिवाळी भरली, आणि मधले काळे गोळेही भरत गेली. लहानपणापासून अमावास्येला अप्पा घरी असत, सगळ्यांना पंचवटीत दर्शनाला नेत, येताना भेळ खायला घालत. अमावास्या म्हणजे सुट्टी, हे इतकं अंगवळणी पडलेलं की भरताना तिनं विचारच केला नव्हता. सरावातही महिन्यातून एखादा दिवस प्रोग्रॅम गप्प बसला, तर ते कुणाच्या लक्षात येणार?

संघर्ष चिडला असता तर बरं झालं असतं. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि चहा आणायला गेला. निकिताला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता आयुष्यभर अप्पांना पंचांगावरून एक शब्द बोलायची सोय उरली नव्हती, आणि धंद्याचं तर नावच नको.

उगाच लांबवण्यात अर्थ नव्हता. बाहेर व्हरांड्यात येऊन तिनं अप्पांना फोन लावला. अमावास्या म्हणजे ते घरीच असणार. पण पलीकडून ट्रॅक्टरची धडधड ऐकू येत होती आणि कुणीतरी मोठमोठ्यानं भाव पुकारत होतं.

"अप्पा, हा आवाज कसला? तुम्ही आहात कुठं?"

"बाजारात हाय."

"आज?"

"मग, तूच डोकं खाती ना दर महिन्याला," अप्पा म्हणाले. "म्हटलं, पोरीची आज परीक्षा हाय, तर आपणबी एकदा तिचं ऐकून बघू. आज आवसेला पयल्यांदाच बोली लावली."