साहेबांची खुर्ची

“साहेब, आमच्या घराला काचेची भिंत चालत नाही, मग तुमच्या केबिनला कशी चालते?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून नगरपालिकेत विचारलंच! आई-बाबांनी एकदमच कपाळाला हात लावला. लोळत सूर्यास्त बघता यावा म्हणून मी नव्या घरातल्या माझ्या खोलीला पश्चिमेकडे अख्खी काच मागितली होती, आणि घर तापेल, नियमात बसत नाही म्हणून साहेबांनी नकाशाच नामंजूर केला होता.

“बस माझ्या खुर्चीत,” साहेब हसून म्हणाले.

मी ऐटीत बसले. मागच्या काचेला वर्तमानपत्रं चिकटवलेली, एसी घरघरतोय, तरी दुपारच्या उन्हानं माझ्या पाठीचा पापड झाला!

“ही इमारत नियमाच्या आधीची गं. मी रोज भाजून निघतो.”

मी टुणकन उठले. “आई, बाबा, ठरलं! काच रद्द, उत्तरेकडे साधी खिडकी. सूर्यास्त बघायला गच्ची आहेच की!”